नेटवर्क इंजिनिअर व्हायचंय? नगर जिल्ह्यात राहून सर्टिफिकेशनचा रस्ता कसा आखायचा?

'सीसीएनए करा, नोकरी पक्की' अशा पाट्या आता फक्त पुण्यातच दिसतात असं नाही. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या मुलांच्या मोबाइलवर याच जाहिराती दिवसातून दहा वेळा येतात. बारावी झालेली, डिप्लोमा झालेली, बीएस्सी करून घरी बसलेली मुलं त्या बघतात. घरचे विचारतात, "फी किती?" क्लासवाला सांगतो, "हप्त्यानं भरा." आणि नेमकं काय शिकायचं, कोणती परीक्षा द्यायची, तिला खर्च किती आणि ती झाल्यावर काम कुठं मिळतं, हे विचारायच्या आधीच पैसे भरून झालेले असतात.

कांद्याचे किंवा उसाचे पैसे आले की त्यातून फी भरणाऱ्या घरासाठी पन्नास हजार रुपये आणि एक वर्ष ही छोटी गोष्ट नाही. म्हणून हा सगळा रस्ता पायरीपायरीनं समजून घेऊ.

नेटवर्क इंजिनिअर नेमकं करतो काय?

एका वाक्यात सांगायचं तर, एका यंत्राकडची माहिती दुसऱ्या यंत्रापर्यंत न अडखळता आणि सुरक्षित पोचवणं हे त्याचं काम. केबल टाकणं, स्विच आणि राउटर बसवणं, त्यांना सूचना देणं, कुणाला कुठं जायची परवानगी आहे ते ठरवणं आणि बंद पडलं की शोधून दुरुस्त करणं, हे सगळं त्यात येतं.

हे काम फक्त हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत असतं, हा गैरसमज आहे. आपल्या जिल्ह्यात बघा. नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना नेटवर्क लागतं. अनेक शाखा असलेल्या पतसंस्था आणि सहकारी बँकांना लागतं. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट इथल्या कॉलेजांना आणि मोठ्या दवाखान्यांना लागतं. गावोगाव फायबरचं कनेक्शन देणारे केबलवाले आणि इंटरनेटवाले तर नेटवर्कवरच पोट भरतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारा भारतनेट प्रकल्प आणि राज्याचं महानेट यांनाही टाकलेली लाइन चालू ठेवणारी माणसं लागतात.

एक साधं उदाहरण घ्या. साखर कारखान्याचं ऑफिस आणि उसाचा वजनकाटा यांत अडीचशे मीटर अंतर आहे. काट्यावरचं वजन ऑफिसच्या संगणकात थेट यायला हवं. कुणी साधी तांब्याची नेटवर्क केबल टाकली, तर ती नीट चालणार नाही, कारण त्या केबलची मर्यादा १०० मीटर असते. इथं फायबर टाकावं लागतं. हे ज्याला आधी माहीत आहे, तो कारखान्याचा खर्च वाचवतो. ज्याला माहीत नाही, त्याच्यामुळं ऐन गळीत हंगामात काट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागू शकते. सर्टिफिकेशनमध्ये शिकवतात ते हेच.

कोर्सचं सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेशन यांत फरक काय?

सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते, त्यामुळं हा भाग नीट वाचा.

क्लास पूर्ण केल्यावर क्लासवाला जे देतो, ते 'कोर्स पूर्ण केला' असं प्रमाणपत्र असतं. सर्टिफिकेशन म्हणजे सिस्को, कॉम्पटिया, ज्युनिपर, मायक्रोटिक यांसारख्या संस्थांची ठरलेली परीक्षा पास झाल्यावर त्यांच्याकडूनच मिळणारी मान्यता. सिस्कोची परीक्षा पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या केंद्रावर किंवा तिच्याच ऑनलाइन पद्धतीनं होते. पास झाल्यावर डिजिटल बॅज मिळतो आणि नोकरी देणारा तो ऑनलाइन तपासू शकतो. क्लासचा कागद असा तपासता येत नाही.

दुसरा फरक मुदतीचा. आपल्याकडं २००१ मध्ये एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केली आणि घरोघरी एक सवय लागली, की संगणकाचा कोर्स एकदा केला की तो कागद जन्मभर चालतो. नेटवर्कमधली बहुतेक सर्टिफिकेशन तशी नसतात. सीसीएनए ३ वर्षांनी संपतं. ते टिकवायचं तर त्याच पातळीची परीक्षा पुन्हा देणं, वरच्या पातळीची एखादी परीक्षा पास होणं किंवा सिस्कोचे ३० शिक्षण-गुण मिळवणं, यांपैकी एक करावं लागतं. म्हणून परीक्षा कधी द्यायची हेही ठरवावं लागतं. नोकरी शोधायला सुरुवात करायच्या दोन वर्षं आधी सीसीएनए करून ठेवलं, तर त्याची बरीचशी मुदत घरीच संपते.

रस्त्यावरच्या पायऱ्या

पायरी शून्य: पाया. संगणक उघडून रॅम बदलता येणं, विंडोज टाकता येणं, आयपी पत्ता म्हणजे काय ते कळणं, लिनक्सच्या पंधरा-वीस आज्ञा येणं. यासाठी कोणतीही महागडी परीक्षा लागत नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर नेटवर्कची ओळख करून देणारे मोफत कोर्स आहेत. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीसारखे ट्रेड असतात. कोणत्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये या वर्षी कोणता ट्रेड आहे, ते प्रवेशाच्या वेळी बघून घ्यावं.

पायरी एक: सुरुवातीचं सर्टिफिकेशन. इथं तीन पर्याय नेहमी समोर येतात.

पहिला, सिस्कोचं सीसीएसटी नेटवर्किंग. हे सीसीएनएच्या खालचं, मदतनीस तंत्रज्ञाच्या पातळीचं आहे.

दुसरा, कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस. परीक्षा ९० मिनिटांची, जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि १०० ते ९०० या मोजपट्टीवर पास व्हायला ७२० गुण लागतात. हे कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेलं नाही.

तिसरा, मायक्रोटिकचं एमटीसीएनए. मायक्रोटिक ही लाटविया देशातली कंपनी. तिचे राउटर स्वस्त असल्यामुळं गावोगावचे केबलवाले आणि छोटे इंटरनेटवाले ते भरपूर वापरतात. अधिकृत प्रशिक्षकाच्या काही दिवसांच्या वर्गाच्या शेवटी ही परीक्षा होते. ज्याला जिल्ह्यातच राहून इंटरनेटच्या धंद्यात काम करायचं आहे, त्याच्यासाठी हे कदाचित सीसीएनएपेक्षाही आधी उपयोगी पडेल.

ही पायरी सगळ्यांना लागतेच असं नाही. ज्यांचा पाया पक्का आहे, ते थेट पुढच्या पायरीवर जाऊ शकतात.

पायरी दोन: सीसीएनए. १९९८ पासून चालत आलेलं हे सर्टिफिकेशन आजही भारतात नेटवर्कच्या पहिल्या नोकरीसाठी सगळ्यात जास्त ओळखलं जातं. त्याला कोणतीही शैक्षणिक अट नाही. दहावी झालेलाही देऊ शकतो आणि इंजिनिअरही. यावर पुढं सविस्तर बोलू.

पायरी तीन: शाखा निवडणं. सीसीएनए आणि वर्ष-दोन वर्षांचा अनुभव झाला की रस्ता फुटतो. मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्ककडं जायचं असेल तर सीसीएनपी एंटरप्राइज. त्यात एक मुख्य परीक्षा आणि एक निवडीची परीक्षा अशा दोन असतात. सुरक्षेकडं जायचं असेल तर कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस आणि फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्यांची सर्टिफिकेशन. फोर्टिनेटचे स्वतःहून शिकायचे कोर्स मोफत आहेत. क्लाउडकडं जायचं असेल तर ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टची नेटवर्किंगची परीक्षा. मायक्रोसॉफ्टचं क्लाउडचं एक मोठं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे आणि ॲमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत, म्हणजे हे क्षेत्र आपल्यापासून लांब नाही.

पायरी चार: सीसीआयई. १९९३ पासूनचं हे सर्टिफिकेशन या क्षेत्रात फार मानाचं. लेखी परीक्षेनंतर ८ तासांची प्रत्यक्ष लॅब द्यावी लागते आणि आपल्याकडं त्यासाठी बंगळुरू गाठावं लागतं. नव्या मुलानं आज याचा विचारही करू नये. 'झिरो टू सीसीआयई' अशा पॅकेजवर एकरकमी पैसे भरणं म्हणजे पाया खणायच्या आधी चौथ्या मजल्याच्या फरशीची ऑर्डर देणं.

सीसीएनएच्या परीक्षेत काय विचारतात?

परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं. २४ फेब्रुवारी २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. त्याआधी सीसीएनएचे राउटिंग, सिक्युरिटी, वायरलेस असे वेगवेगळे प्रकार होते, ते एकाच परीक्षेत आणले गेले. त्यामुळं अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी आधी मुखपृष्ठावरचा क्रमांक बघा. २००-१२५ लिहिलेलं असेल तर ते जुन्या परीक्षेचं आहे.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आणि त्यांचं वजन असं आहे:

• नेटवर्कची मूलतत्त्वं: २० टक्के
• नेटवर्क ॲक्सेस, म्हणजे स्विच, व्हीलॅन, वायरलेस: २० टक्के
• आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे राउटिंग: २५ टक्के
• आयपी सेवा, म्हणजे डीएचसीपी, नॅट वगैरे: १० टक्के
• सुरक्षेची मूलतत्त्वं: १५ टक्के
• ऑटोमेशन आणि प्रोग्रॅमिंग: १० टक्के

पहिले तीन भाग मिळून ६५ टक्के होतात. अभ्यासाचा वेळही त्याच प्रमाणात वाटायला हवा. बरीच मुलं ऑटोमेशनचं नाव ऐकून घाबरतात आणि पायथॉनच्या मागं महिने घालवतात. इथं तेवढी गरज नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या परीक्षेत पुढच्या प्रश्नावर गेलात की मागं येता येत नाही. 'अवघड आहे, शेवटी बघू' ही दहावीपासूनची सवय इथं उपयोगाची नाही.

एक गणित करून बघू

सीसीएनएमध्ये मुलं सगळ्यात जास्त अडतात ती सबनेटिंगला. पण हे गणित शेताच्या वाटणीसारखंच आहे. मोठ्या रानाचे गरजेप्रमाणं तुकडे पाडायचे, बांध घालायचा आणि कुणाचा तुकडा कुठून कुठंपर्यंत ते लिहून ठेवायचं.

समजा, एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाला १९२.१६८.१०.० हा पट्टा दिला आहे, मागं तिरकी रेघ आणि २४. यात एकूण २५६ पत्ते असतात. पहिला पत्ता पट्ट्याचं नाव म्हणून जातो आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला राखलेला असतो. उरतात २५४.

आता गरज बघा. कर्मचाऱ्यांचे ५० संगणक, २५ सीसीटीव्ही कॅमेरे आणि पाहुण्यांच्या वायफायला १२ पत्ते. तुकडे नेहमी दुपटीच्या पाढ्यात पडतात: ४, ८, १६, ३२, ६४, १२८.

• ५० संगणकांना ६४ चा तुकडा: शेवटचा आकडा ० ते ६३. वापरायला ६२.
• २५ कॅमेऱ्यांना ३२ चा तुकडा: ६४ ते ९५. वापरायला ३०.
• १२ पाहुण्यांना १६ चा तुकडा: ९६ ते १११. वापरायला १४.

११२ पासून २५५ पर्यंतचे १४४ पत्ते शिल्लक राहिले. उद्या नवा विभाग आला तर जागा आहे.

पण वाटणी कशासाठी? पाहुण्याच्या मोबाइलमध्ये व्हायरस असेल तर तो खातेदारांच्या संगणकापर्यंत पोचू नये म्हणून. नुसते तुकडे पाडून हे होत नाही. प्रत्येक तुकड्याला स्विचवर वेगळा व्हीलॅन द्यावा लागतो आणि राउटरवर किंवा फायरवॉलवर कुणी कुणाकडं जायचं नाही, याचे नियम लिहावे लागतात. हे तुम्हाला कागदावर आणि उपकरणावर करता आलं, मुलाखतीत बोलून समजावताही आलं, तर तुम्ही सीसीएनएच्या बऱ्याच मोठ्या भागावर हात ठेवला असं समजा.

लॅब कुठं करायची?

नगरमध्ये लॅब नाही म्हणून पुण्याला खोली घ्यावी लागते, हे आता खरं राहिलेलं नाही.

सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. नेटवर्किंग अकॅडमीचं खातं उघडलं की उतरवून घेता येतं. त्यात स्क्रीनवर राउटर, स्विच, संगणक मांडायचे, केबल जोडायची आणि खऱ्यासारख्या आज्ञा द्यायच्या. साध्या लॅपटॉपवर ते चालतं आणि सीसीएनएच्या तयारीला बहुतांश पुरतं. ज्यांच्याकडं जास्त रॅमचा संगणक आहे, ते पुढं जीएनएस३ किंवा ईव्हीई-एनजी वापरू शकतात. मायक्रोटिकची प्रणालीही संगणकावर मोफत चालवून बघता येते. वायरशार्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर केबलमधून जाणारी माहिती पाकिटागणिक उघडून दाखवतं. ते घरच्या वायफायवर, फक्त स्वतःच्या यंत्रांची माहिती बघण्यासाठी, जरूर वापरावं.

हाताचं कामही शिका. बाजारातून क्रिम्पिंगचा पाना, थोडी केबल आणि मूठभर कनेक्टर घ्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम डोळे मिटून लावता आला पाहिजे. गावातल्या फायबरवाल्याबरोबर महिनाभर फिरायला मिळालं तर नाही म्हणू नका. फायबर कसं जोडतात आणि लाइन गेल्यावर लोक फोनवर काय बोलतात, हे दोन्ही तिथंच कळतं.

अभ्यासासाठी सिस्को प्रेसचं वेंडेल ओडम यांचं दोन खंडांचं पुस्तक प्रमाण मानलं जातं. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅब या वाहिनीवर पूर्ण सीसीएनए मोफत आहे. आयआयटी खरगपूरचा संगणक नेटवर्कवरचा एनपीटीईएलचा कोर्सही ऑनलाइन बघता येतो.

मग क्लास लावायचाच नाही का? ज्याला एकट्यानं अभ्यास होत नाही, त्यानं जरूर लावावा. पण क्लास म्हणजे शिस्त आणि शंका विचारायची जागा, एवढंच समजून पैसे भरावेत. परीक्षा शेवटी तुम्हालाच द्यायची आहे.

खर्चाचा हिशेब

सीसीएनएची परीक्षा फी ३०० डॉलर आहे, कर वेगळा. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या मध्ये धरला तर ते २५,५०० ते २७,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साधारण ३० ते ३२ हजार. भरायच्या दिवशी डॉलरचा भाव आणि फी पुन्हा तपासा, कारण दोन्ही बदलतात.

क्लासवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "तुमच्या फीमध्ये सिस्कोची परीक्षा फी धरली आहे का?" बहुतेक वेळा धरलेली नसते. नेटवर्किंग अकॅडमीशी जोडलेल्या कॉलेजात शिक्षकाबरोबर पूर्ण कोर्स करून शेवटच्या परीक्षेत चांगले गुण मिळवले, तर फीमध्ये सवलतीचं कूपन मिळू शकतं. तुमचं कॉलेज जोडलेलं आहे का, हे विभागप्रमुखांना विचारून घ्या.

नापास झालात तर? ५ दिवस थांबून पुन्हा देता येते, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. म्हणून घाईघाईत तारीख घेऊ नका. सराव परीक्षेत सलग तीन वेळा चांगले गुण पडले की मगच तारीख घ्या.

सीसीएनपीच्या दोन परीक्षा मिळून ७०० डॉलर लागतात. हे पैसे स्वतःच्या पगारातून भरावेत किंवा कंपनीकडून मिळवावेत. घरच्यांच्या जिवावर भरू नयेत.

परीक्षेच्या दिवसाची तयारी

नाव हा आपल्याकडचा मोठा घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठं वडिलांचं नाव आहे, कुठं नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर आणखीच. सिस्कोच्या खात्यात पहिल्यांदा जे नाव टाकाल, ते परीक्षेला दाखवायच्या ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर केंद्रावरून परत यावं लागू शकतं आणि फीही जाऊ शकते. पासपोर्ट असेल तर तो सगळ्यात सोयीचा. कोणती ओळखपत्रं चालतात, ते तारीख घेताना वाचून घ्या.

परीक्षा घरून द्यायची की केंद्रावर? घरून द्यायची तर खोलीत तुम्ही एकटेच हवेत, टेबल रिकामं हवं, कॅमेरा पूर्ण वेळ चालू आणि इंटरनेट न तुटणारं हवं. मध्येच लाइट गेली किंवा कुणी दार उघडून "जेवायला ये" म्हणालं, तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. गावाकडच्या मुलांना म्हणून केंद्रच बरं. आपल्या जवळचं केंद्र कोणतं, ते पिअर्सन व्ह्यूच्या संकेतस्थळावर शोधा. पुण्यात केंद्रं आहेत आणि नगरहून पुणं साधारण १२० किलोमीटर. सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.

कुणी कुठून सुरुवात करायची?

दहावी किंवा आयटीआय झालेले: आधी हार्डवेअर आणि केबलिंगचं काम धरा. काम करता करता पाया आणि मग सीसीएनए किंवा एमटीसीएनए. मोठ्या कंपन्या पदवी मागतात, त्यामुळं मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवा.

डिप्लोमावाले आणि इंजिनिअरिंगवाले: कॉलेजात नेटवर्कचा विषय असतोच. तो नुसता पास व्हायला न करता पॅकेट ट्रेसरवर करा. शेवटच्या वर्षात सीसीएनए दिलं तर मुदत वाया जात नाही. अप्रेंटिसशिपसाठी केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणीही करून ठेवा.

बीएस्सी, बीसीए, बीकॉम, बीए: शाखा आड येत नाही, पण मुलाखतीत 'हे का करावंसं वाटलं' असा प्रश्न येणारच. त्याला उत्तर म्हणून स्वतः मांडलेल्या दोन-तीन लॅब दाखवता यायला हव्यात.

आधीच केबल किंवा इंटरनेटच्या कामात असलेले: तुमच्याकडं जे आहे, ते पुण्यातल्या क्लासमधल्या मुलाकडं नाही. खांबावरचा अनुभव आहे, फक्त त्यामागचं शास्त्र शिकायचं आहे. तुम्ही मायक्रोटिकपासून सुरू करा.

सैन्यातून निवृत्त होणारे: नगर हे लष्कराचं मोठं गाव. सिग्नल किंवा संपर्काच्या कामाचा अनुभव असेल तर तो मुलाखतीत साध्या भाषेत सांगायला शिका आणि सीसीएनएची जोड द्या.

दहा महिन्यांचं वेळापत्रक

रोज दीड ते दोन तास धरून:

महिना १ आणि २: नेटवर्कची मूलतत्त्वं, रोज पाच सबनेटिंगची गणितं.
महिना ३ आणि ४: स्विच, व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री, वायरलेस.
महिना ५ आणि ६: स्टॅटिक राउटिंग, ओएसपीएफ, आयपी आवृत्ती ६.
महिना ७: डीएचसीपी, नॅट, डीएनएस, वेळ जुळवणं, नोंदी ठेवणं.
महिना ८: सुरक्षा, प्रवेशाचे नियम आणि ऑटोमेशनची ओळख.
महिना ९: सराव परीक्षा आणि मुद्दाम बिघडवलेल्या लॅब दुरुस्त करणं.
महिना १०: परीक्षा आणि अर्ज.

नवव्या महिन्यातल्या दुरुस्तीच्या लॅब कुणीही वगळू नयेत. मित्राला सांगा की पॅकेट ट्रेसरच्या फाइलमध्ये तीन ठिकाणी काहीतरी बिघडव. तुम्ही ते शोधा आणि कशावरून शोधलं ते वहीत लिहा. नोकरीत तुम्हाला रोज हेच करायचं आहे.

फसवणूक कशी ओळखायची?

'१०० टक्के नोकरीची हमी': हमी लेखी मागा. पगार किती, कंपनी कोणती, नोकरी नाही मिळाली तर पैसे किती दिवसांत परत, हे कागदावर आहे का बघा.

'डम्प' विकणारे: डम्प म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न. ते वापरणं सिस्कोच्या कराराविरुद्ध आहे. सापडलात तर सर्टिफिकेशन रद्द होऊ शकतं आणि पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते. पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीच्या पाचव्या मिनिटाला उघडा पडतो, ते वेगळंच.

कर्जाचे हप्ते: 'हप्त्यानं भरा' म्हणजे अनेकदा तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लास बंद पडला किंवा तुम्ही मध्येच सोडला तरी हप्ते चालूच राहू शकतात. सही करायच्या आधी कर्ज देणारी कंपनी कोण, हे वाचा.

नोकरीसाठी पैसे: अनामत, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागून नोकरी देणारी कंपनी टाळा.

पहिली नोकरी कशी असते?

जाहिरातीतल्यासारखी नसते. पहिलं काम बहुतेक वेळा डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनिअर किंवा नेटवर्क देखरेख केंद्रातली पाळी यांपैकी असतं. देखरेख केंद्र चोवीस तास चालतं, म्हणजे रात्रपाळी आलीच. रात्री घरी पोचवायची सोय आहे का, हे मुलींनी आणि मुलांनीही मुलाखतीतच विचारून घ्यावं. त्यात गैर काही नाही.

पगाराचा आकडा ऐकताना खोलीभाडं, मेस आणि प्रवास वजा करून बघा. पुण्यात मिळणारा आकडा मोठा वाटला तरी नगरच्या एमआयडीसीत घरून ये-जा करून मिळणाऱ्या पगारातून महिन्याच्या शेवटी जास्त उरू शकतात. पुण्यात मात्र मोठी उपकरणं आणि मोठ्या चुका बघायला मिळतात, त्यामुळं शिकणं वेगानं होतं. दोन वर्षांनी कुठं पोचायचं आहे, त्यावरून निवड करा.

नेहमी पडणारे दोन प्रश्न

इंग्रजी कच्चं आहे, जमेल का? परीक्षा मराठीत होत नाही, इंग्रजीतच द्यावी लागते. पण त्यातलं इंग्रजी कादंबरीचं नसतं. ठरावीक तीन-चारशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दिवसापासून ते वहीत लिहा आणि समोर मराठीत अर्थ लिहा. दोन महिन्यांत वाचायचा वेग येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळं हे काम जाईल का? देखरेखीची काही कामं यंत्रं करू लागली आहेत, आणि सिस्कोनंही २०२४ मध्ये सीसीएनएच्या अभ्यासक्रमात या विषयाची ओळख घातली. पण उंदरानं कुरतडलेली केबल, पावसात भिजलेला जोड आणि जेसीबीनं तोडलेलं फायबर यांसाठी माणूसच जावा लागतो. नुसत्या आज्ञा पाठ असणाऱ्याला धोका जास्त, कारण समजून काम करणाऱ्याला कमी.

पैसे भरायचा निर्णय एक महिना पुढं ढकला. या महिन्यात पॅकेट ट्रेसर उतरवून घ्या, मोफत कोर्स सुरू करा आणि वर दिलेली पतसंस्थेची वाटणी स्वतः मांडून तीन तुकडे चालू करून बघा. महिनाभर रोज बसावंसं वाटलं तर हा रस्ता तुमचा आहे, मग क्लास, परीक्षा, पुणं सगळं ठरवा. कंटाळा आला तर तेही फुकटात कळलं, घरचे पन्नास हजार वाचले.